डाळिंब, कोकम, द्राक्षे आणि स्तनाचा कर्करोग : फळांतील संयुगे नक्की काय करू शकतात?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे तपासण्या, तारखा आणि फायली. दुसरीकडे मोबाइलवर येणारे सल्ले : रोज डाळिंबाचा रस द्या, लिंबू फ्रीजरमध्ये ठेवून किसून खा, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा प्या, जर्दाळूच्या बिया चावा. मारुंजी, हिंजवडी, वाकड भागात प्रॅक्टिस करताना यातला प्रत्येक सल्ला रुग्णांच्या तोंडून माझ्यापर्यंत आलेला आहे. सल्ला देणारा नातेवाईक प्रेमापोटीच देत असतो, आणि त्यात थोडेसे तथ्यही असते. म्हणूनच 'हे सगळे थोतांड आहे' एवढे म्हणून डॉक्टरांना मोकळे होता येत नाही. तथ्य किती आणि कुठे संपते, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचे तर

- फळांतील अनेक संयुगे प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतात. हे खरे आहे.
- कोणतेही फळ, रस, साल, बी किंवा त्यांची कॅप्सूल माणसाच्या शरीरातला स्तनाचा कर्करोग बरा करते, असे आजवर सिद्ध झालेले नाही.
- फळे-भाज्या नियमित खाणाऱ्या स्त्रियांत हा आजार होण्याचा धोका थोडा कमी दिसतो.
- काही फळे आणि फळांपासून केलेली काही उत्पादने उपचार चालू असताना त्रासदायक ठरतात.
- गाठ लागली तर आधी तपासणी. फळे त्यासोबत खा, त्याऐवजी नको.

फळांत असे काय असते?

फळाचा रंग, तुरटपणा आणि आंबटपणा ज्या रसायनांमुळे येतो, त्यांतली बरीचशी झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केलेली असतात. ऊन, बुरशी आणि किडे यांच्यापासून वाचण्यासाठी झाड ती बनवते. जांभूळ आणि करवंदाचा गडद रंग अँथोसायनिनमुळे येतो. डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा प्युनिकॅलाजिनसारख्या टॅनिनमुळे येतो. द्राक्षाच्या सालीत रेझवेराट्रॉल असते, कोकमाच्या सालीत गार्सिनॉल, तर टोमॅटो आणि कलिंगडाच्या लाल रंगात लायकोपीन.

ब्लूबेरीची छोटी डबी शेकडो रुपयांना मिळते आणि 'कॅन्सरसाठी चांगली' म्हणून पेशंटला आवर्जून आणली जाते. तिच्यातली अँथोसायनिन आपल्या जांभळात आणि करवंदातही भरपूर असतात. कुटुंबाचा पैसा उपचारासाठी लागणार आहे, तो महागड्या फळांवर घालवण्याचे काहीच कारण नाही.

काचेच्या बशीतला परिणाम आणि शरीरातला परिणाम

'अमुक फळ कर्करोगाच्या पेशी मारते' अशी बातमी वाचली की स्वतःला एक प्रश्न विचारा : कुठे मारते? काचेच्या बशीत, उंदरात की माणसात?

प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवतात आणि त्यांच्यावर संयुगाचे द्रावण थेट ओततात. तिथे मधे पोट नसते, यकृत नसते, रक्ताभिसरण नसते. भरपूर मीठ ओतले तरी बशीतल्या पेशी मरतात. तेवढ्यावरून मीठ औषध ठरत नाही. आपल्याकडच्या तीन फळांची उदाहरणे घेऊ.

डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. डाळिंबातले टॅनिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू ते तोडतात आणि त्यापासून युरोलिथिन नावाची लहान संयुगे तयार होतात. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की यातले युरोलिथिन बी हे संयुग अरोमाटेज या एन्झाइमला प्रयोगशाळेत रोखते. हे एन्झाइम शरीरात इस्ट्रोजेन बनवते, आणि बऱ्याच स्त्रियांच्या गाठीला इस्ट्रोजेन हेच खतपाणी असते. पाळी बंद झालेल्या रुग्णांना आपण देतो त्या लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल या गोळ्या याच एन्झाइमवर काम करतात.

मग गोळीऐवजी डाळिंब का नको? कारण लेट्रोझोलची एक गोळी २.५ मिलिग्रॅमची असते आणि ती रोज तेवढेच, मोजून मापून काम करते. डाळिंबातून किती युरोलिथिन बनेल हे प्रत्येकाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर ठरते. काहींच्या शरीरात ते बनते, काहींच्या जवळजवळ बनतच नाही. जे बनते ते रक्तात फार कमी असते आणि लवकर बाहेर टाकले जाते. गोळी थांबवून त्याच्या भरवशावर राहणे म्हणजे धरणाचे पाणी सोडून वळवाच्या पावसावर शेती करण्यासारखे आहे.

कोकम. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमातील गार्सिनॉल पेशींतल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला रोखते, हे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. जनुके 'चालू' आणि 'बंद' करण्यात या एन्झाइमचा सहभाग असतो, त्यामुळे कर्करोगाच्या संशोधनात गार्सिनॉलला महत्त्व आले. मात्र हा शोध पेशींच्या पातळीवरचा आहे. सोलकढी किंवा कोकम सरबत प्यायल्याने स्तनातली गाठ लहान होते, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

द्राक्षे. रेझवेराट्रॉलवर गेल्या तीन दशकांत प्रचंड काम झाले आहे. अडचण अशी की तोंडाने घेतलेले बहुतेक रेझवेराट्रॉल आतडे आणि यकृत लगेच बदलून टाकतात आणि मूळ रूपात फारच थोडे रक्तात पोहोचते. किलोभर द्राक्षांत ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते, तर अनेक वैद्यकीय चाचण्यांत दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त दिले गेले. तेवढे द्राक्षांतून मिळवायचे तर टेम्पोच मागवावा लागेल.

टाटाची 'शंभर रुपयांची गोळी' म्हणजे काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळीकडे बातमी आली की मुंबईच्या टाटा मेमोरियलने कर्करोग परतू नये म्हणून शंभर रुपयांची गोळी शोधली. या गोळीत द्राक्षांतलेच रेझवेराट्रॉल आणि अत्यल्प तांबे असते. या कामाचे नेतृत्व डॉ. इंद्रनील मित्रा यांच्याकडे आहे.

त्यामागचा विचार असा. उपचारांनी कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातले डीएनए आणि प्रथिनांचे तुकडे रक्तात सुटतात. हे तुकडे निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवू शकतात, असे या गटाचे म्हणणे आहे. रेझवेराट्रॉल आणि तांबे एकत्र आले की ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील कण, म्हणजे फ्री रॅडिकल, तयार होतात आणि ते या तुकड्यांचा नाश करतात. ज्या रेझवेराट्रॉलला आपण 'अँटिऑक्सिडंट' म्हणून ओळखतो, ते इथे नेमके उलटे काम करते! एकच संयुग मात्रा आणि सोबत यांच्यानुसार वेगळे वागते, हे यातून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आधी उंदरांवर आणि नंतर थोड्या रुग्णांवर याचे अभ्यास झाले आहेत. त्यात केमोथेरपीचे दुष्परिणाम कमी होतात का हे पाहिले गेले, आणि मेंदूच्या गाठीच्या मोजक्या रुग्णांवरही अभ्यास झाला. स्तनाचा कर्करोग या गोळीने परतत नाही, हे रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीने सिद्ध झालेले नाही. काही कुटुंबांनी या बातमीनंतर तांब्याच्या भांड्यातले पाणी आणि द्राक्षे असा घरगुती प्रयोग सुरू केला. यात दोन्हींचे प्रमाण कोणालाच ठाऊक नसते. तांबे जास्त झाले तर मळमळ, उलट्या आणि यकृताला त्रास होऊ शकतो. असा प्रयोग करू नका.

'झाडपाल्यात दम नाही' असे डॉक्टर म्हणतात का?

मुळीच नाही. स्तनाच्या कर्करोगात आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक, पॅक्लिटॅक्सेल, झाडाच्या सालीतूनच सापडले. आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक होते आपल्या नंदुरबारमध्ये जन्मलेले डॉ. मनसुख वाणी. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी आणि डॉ. मनरो वॉल यांनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून हे संयुग वेगळे केले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली.

त्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे. सुमारे १२ किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध संयुग मिळत होते. ते पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून शिरेतून देण्यासाठी वेगळे द्रावण तयार करावे लागले. त्या द्रावणाने काहींना तीव्र अॅलर्जी झाली, म्हणून आधी स्टिरॉइड देण्याची पद्धत बसवावी लागली. मात्रा, वेग, दोन डोसांमधले अंतर हे सगळे रुग्णांवर काळजीपूर्वक तपासले गेले. अमेरिकेत १९९२ मध्ये अंडाशयाच्या आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. म्हणजे रचना कळल्यानंतरही वीस वर्षांहून जास्त काळ गेला. त्या सालीचा घरी काढा केला असता तर रुग्ण बरा झाला नसता, विषबाधा मात्र झाली असती.

वाणी आणि वॉल यांनीच त्याआधी कॅम्पटोथेसिन हे संयुग शोधले होते. तेच संयुग सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडातही मिळते. स्तनाच्या कर्करोगावरील काही अगदी नव्या औषधांमध्ये याच कुळातले रसायन प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीच्या पेशींपर्यंत पोहोचवले जाते.

म्हणजे 'नैसर्गिक की रासायनिक' असा हा वाद नाही. संयुग वेगळे केले का, मात्रा ठरली का, माणसांत तपासले का, एवढेच प्रश्न आहेत. पॅक्लिटॅक्सेलने ही परीक्षा दिली. डाळिंबाच्या रसाने दिलेली नाही.

माणसांवरच्या अभ्यासांत काय दिसले?

*आजार होण्याआधी.* अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासातून २०१६ मध्ये असे दिसले की किशोरवयात दिवसातून सुमारे तीन वेळा फळे खाणाऱ्या मुलींना पुढे स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण, फळे जवळजवळ न खाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्के कमी होते. याच अभ्यासमालेत २०१८ मध्ये फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्या प्रौढ स्त्रियांतही धोका सुमारे ११ टक्के कमी आढळला. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. फळे खाणाऱ्या स्त्रिया इतर बाबतीतही तब्येतीला जपत असू शकतात, म्हणून सगळे श्रेय फळांना देता येत नाही. तरी शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डब्यात चिप्सच्या पाकिटाऐवजी पेरू द्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

*आहार बदलून पाहिलेली मोठी चाचणी.* पन्नाशीपुढच्या ४८,८३५ अमेरिकन स्त्रियांपैकी काहींना चरबी कमी आणि फळे, भाज्या, धान्ये जास्त असा आहार शिकवला गेला. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी दिसले. इथे बदल संपूर्ण ताटाचा होता, एका फळाचा नव्हता.

*आजार झाल्यानंतर.* सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या ३,०८८ स्त्रियांची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला फळे-भाज्यांचा नेहमीचा सल्ला दिला, दुसऱ्याला त्याहून कितीतरी जास्त फळे, भाज्या, भाज्यांचा रस आणि तंतुमय आहार. सरासरी ७.३ वर्षांनंतर आजार परतण्यात किंवा मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. चांगला आहार हवाच, पण अट्टहासाने दुप्पट-तिप्पट खाऊन जास्त फायदा होत नाही. जेवण जात नसताना पेशंटला बळेच रसाचे पेले पाजणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

आहाराने कर्करोग बरा झाल्याचा दावा

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग बरा झाल्याचे सांगताना लिंबूपाणी, हळद, कडुलिंब, तुळस आणि आहारातील बदलांवर भर दिला. तो व्हिडिओ घरोघरी पोहोचला. काही दिवसांतच टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सही करून निवेदन काढले : अशा दाव्यांना पुरावा नाही, उपचार लांबवू नका.

त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीसह आधुनिक उपचार झाले होते, आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता, असे सिद्धू यांनी नंतर स्पष्टही केले. पण अशा बातमीतला 'लिंबूपाणी' हा शब्द लक्षात राहतो आणि 'शस्त्रक्रिया' हा गळून पडतो.

याची किंमत किती मोठी असते? बरा होण्याजोग्या टप्प्यातल्या कर्करोगावर फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या अमेरिकेतील रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगात अशा रुग्णांच्या मृत्यूचा धोका प्रमाणित उपचार घेणाऱ्यांच्या साडेपाच पटींहून जास्त होता. मी पाहिलेल्या एका ताईंच्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. बायॉप्सी सांगितली. घरच्यांनी 'आधी काढा करून बघू' म्हटले. पाच महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा काखेतही गाठी लागत होत्या. उपचार तेव्हाही झाले, पण मोठी शस्त्रक्रिया, जास्त केमो आणि जास्त खर्च, हे सगळे त्या पाच महिन्यांनी वाढवले.

काय टाळावे?

- जर्दाळूच्या कडू बिया आणि 'व्हिटॅमिन बी-१७'. हे जीवनसत्त्व नाहीच. यातल्या अॅमिग्डालिनपासून शरीरात सायनाइड तयार होते. १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ कर्करोग रुग्णांवर त्याची चाचणी झाली. फायदा दिसला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोकादायक पातळीजवळ गेले.
- लक्ष्मणफळाचा (सोरसोप) काढा, पावडर, कॅप्सूल. यातली संयुगे बशीतल्या पेशी मारतात, पण ती मज्जातंतूंसाठीही विषारी आहेत. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर ही फळे आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा आजार जास्त आढळला.
- ग्रेपफ्रूट आणि पपनस. आतड्यातले एक एन्झाइम अनेक औषधे मोडते. ग्रेपफ्रूट ते एन्झाइम बंद पाडते, मग औषध रक्तात प्रमाणाबाहेर वाढते. पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब, लॅपॅटिनिब, एव्हरोलिमस यांपैकी काही चालू असेल तर ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. पपनस त्याच कुळातले आहे, तेही टाळा. सकाळी फळ आणि रात्री गोळी असे अंतर ठेवूनही भागत नाही, कारण परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. साध्या संत्र्या-मोसंबीची भीती नाही.
- अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणि अर्क. केमो आणि रेडिएशन काही अंशी फ्री रॅडिकल तयार करूनच कर्करोगाच्या पेशी मारतात. केमो घेणाऱ्या १,१३४ स्त्रियांच्या २०२० मधील अभ्यासात, केमोआधी आणि केमोदरम्यान अशा गोळ्या घेणाऱ्यांत आजार परतण्याचे प्रमाण जास्त असल्याचा कल दिसला. तो शंभर टक्के पक्का पुरावा नाही, पण सावध होण्याइतका आहे. ताटातल्या फळांना हे लागू नाही.
- गार्सिनियाच्या वजन कमी करण्याच्या कॅप्सूल. कोकमाच्या कुळातल्या फळाच्या या अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. केमो चालू असताना यकृत आधीच कामात असते. जेवणातले आमसूल चालते.
- हळद आणि मिरीच्या कॅप्सूल, टॅमॉक्सिफेन चालू असताना. नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात या जोडीने टॅमॉक्सिफेनच्या कामाच्या घटकाची रक्तातली पातळी थोडी कमी झाली. आमटीतली हळद चालेल, कॅप्सूल नको.

उपचार चालू असताना फळे कशी खावीत?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात साधारण १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. म्हणजे एक मध्यम पेरू किंवा वाटीभर पपई पुरते.

- रसापेक्षा फळ बरे. रसात साखर राहते, चोथा जातो. केमोसोबत मिळणाऱ्या स्टिरॉइडने साखर वाढते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे.
- फळे घरी धुऊन, घरीच कापा. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा गाडीवरची कापलेली फळे, उसाचा रस आणि बाहेरचा ज्यूस नको. केळी, संत्री, मोसंबी अशी सोलून खायची फळे सोयीची. फळे पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते.
- तोंड आले असेल तर लिंबू, अननस, संत्री काही दिवस बाजूला ठेवा. केळे, चिकू, पिकलेली पपई द्या.
- मळमळ होत असेल तर गार केलेले कलिंगड किंवा मोसंबीच्या फोडी थोड्या थोड्या द्या.
- जुलाब होत असतील तर केळे आणि शिजवलेले सफरचंद चालते. बद्धकोष्ठ असेल तर पपई, पेरू, भिजवलेले अंजीर.
- प्रथिने विसरू नका. फळांनी ताकद भरून येत नाही. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे, चिकन यांपैकी जे घरात चालते ते रोज हवे. 'फलाहारावर' ठेवलेल्या पेशंटचे वजन घटते आणि केमोची पुढची तारीख पुढे ढकलावी लागते.

गाठ लागली तर काय करावे?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. आपल्याकडे अनेक स्त्रिया उशिरा येतात, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. हाताने केलेली साधी तपासणीही उपयोगी पडते, हे मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर केलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासाने दाखवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आणि याही कामाचे नेतृत्व रेझवेराट्रॉलच्या गोळीवर काम करणाऱ्या डॉ. मित्रा यांचेच होते. कोणतीही गोळी नाही, फळ नाही, फक्त वेळेवर लागलेला हात.

पुढीलपैकी काहीही दिसले तर एका आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा :

- स्तनात किंवा काखेत गाठ, दुखत नसली तरीही. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही.
- बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तासारखा स्राव
- त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, खळी पडणे
- बोंडावरची खपली किंवा जखम, जी औषधाने भरत नाही

तपासणी तीन पायऱ्यांची असते : डॉक्टरांची हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने तुकडा काढून बायॉप्सी. सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच, हेही तपासल्यावरच कळते.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी स्तनांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, त्यासाठी आशाताईंना विचारा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून ही सरकारी ठिकाणे आहेत. चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचे ईएसआयचे कार्ड असेल तर पत्नी आणि आई-वडिलांनाही त्याचा लाभ नियमांनुसार मिळतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. 'शिफ्ट सुटत नाही, सुटी मिळाली की दाखवू' असे म्हणत महिने जातात, ते होऊ देऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फळातल्या साखरेने कर्करोग वाढतो का?*
नाही. शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात. फळे बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. वजन फार वाढू नये आणि मधुमेह आटोक्यात राहावा, एवढे मात्र पाहावे. पाळी गेल्यानंतरचे जास्त वजन आणि मद्यपान यांनी धोका वाढतो, व्यायामाने कमी होतो.

*लिंबू केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे, असा मेसेज खरा आहे का?*
खोटा आहे. लिंबू गोठवा, किसा किंवा गरम पाण्यात पिळा, त्याने कर्करोग बरा होत नाही. सरबत म्हणून जरूर प्या.

*आम्ही घरी काढा किंवा कॅप्सूल सुरू केली आहे. डॉक्टरांना सांगावे का?*
अवश्य सांगा. बाटली किंवा पाकीट सोबत न्या. रागावतील म्हणून लपवू नका. यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला तर कारण शोधायला हीच माहिती लागते.

*केमो संपली. आता फळांवर आणि पथ्यावर राहून गोळ्या बंद केल्या तर?*
टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या साधारणपणे पाच वर्षे, काहींना त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात. आजार परतू नये म्हणूनच त्या असतात. सांधेदुखी किंवा अंग गरम होण्याचा त्रास असेल तर सांगा, त्यावर उपाय करता येतो, गोळी बदलताही येते. स्वतःहून बंद करू नका.

घरातल्या माणसांना शेवटी एवढेच सांगेन. पेशंटसाठी काहीतरी करावे असे तुम्हाला वाटते, ते अगदी स्वाभाविक आहे. मग केमोच्या दिवशी सोबत जा, फाइल नीट लावा, गोळ्यांच्या वेळा पाळा, ताप १०० च्या वर गेला तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. आणि संध्याकाळी एक डाळिंब सोलून दाणे वाटीत द्या. त्यांना आवडते म्हणून द्या. औषधाचे काम औषधाला करू द्या.